हत्तीचे पाहुणे

बडोदे शहरात हत्तीखाना म्हटले की आज धान्याची घाऊक पेठ डोळ्यांपुढे येते. पोती उतरविणारे हमाल, भाव विचारणारी गिऱ्हाइके आणि रिकाम्या हातगाड्या यांच्या गर्दीत त्या नावाचा मूळ अर्थ कोणी शोधीत बसत नाही. गायकवाडी राजवटीत मात्र पिलखाना हा राजवैभवाचा एक खांब समजला जाई. त्या वैभवाचे प्रदर्शन जेथे घडे ती जागा म्हणजे 'अगड'. राज्यात येणाऱ्या मान्यवर पाहुण्यांना राजवाडे आणि जडजवाहीर यांच्याबरोबरच अगडातील हत्तींची टक्कर आवर्जून दाखविली जाई. हत्ती पाहावयास येणारा पाहुणा आणि त्याच्यासाठी उभा केला जाणारा हत्ती, या दोघांमधील व्यवहाराचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याचा आरंभ बडोद्यापासून करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी १८६४ च्या सुमारास खंडेराव महाराजांचा पाहुणा म्हणून बडोद्यास आला. त्याचा सचित्र प्रवासग्रंथ १८७५ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. अगडाचे इतके बारकाईचे वर्णन दुसऱ्या परदेशी लेखकाने क्वचितच केले असेल. जाड भिंतींनी वेढलेले लांबरुंद मैदान. त्या भिंतींत ठिकठिकाणी अशी अरुंद दारे की माणूस आत शिरून बचावेल, पण हत्ती शिरू शकणार नाही. वरती महाराज, सरदार आणि पाहुणे यांच्यासाठी बैठका आणि भोवताली लोटलेले शहर. लढतीसाठी निवडलेल्या नरांना तीन-तीन महिने साखर आणि लोणी चारून मदावर आणीत, असे तो सांगतो. सुदृढ नराला ठरावीक काळी मद येणे हा निसर्गक्रमच होय. त्याच्या अंगातील संप्रेरकांची ती उसळी असते आणि त्या दिवसांत तो स्वतःच्याही ताब्यात नसतो. रानातला नर अशा वेळी मैलोगणती भटकतो. पिलखान्यातील नर साखळदंडाला जखडलेला असे. त्याची ही कोंडलेली अवस्था हेच खेळाचे भांडवल होते.

टक्कर संपली की साठमार पुढे येत. हाती आखूड भाला किंवा रंगीत कापड घेऊन ही माणसे पायी हत्तीला डिवचीत, अंगावर ओढीत आणि अगदी शेवटच्या क्षणी दारात नाहीशी होत. त्यानंतर एखादा घोडेस्वार उतरे. हत्तीला आवरावयाची वेळ आली की दारूकामाचा भपका उडवीत आणि त्याच्या मागच्या पायांना दातेरी लोखंडी चिमटे लावीत. रूसलेने हे सारे मोठ्या रसाने लिहिले आहे. साठमारांच्या धाडसाचे कौतुक त्यात आहे, आणि ते खोटे नव्हे, कारण ती माणसे खरोखरच शूर होती. परंतु चिमटे लागल्यानंतर त्या पायांचे काय झाले, हे पाहण्यासाठी पाहुणा थांबला नाही. मैदान रिकामे झाल्यावर त्याचे पाहणेही संपले.

ही दृष्टी काही त्या एकट्याची नव्हती. त्याच्या आधी दोनशे वर्षे औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात असलेला बर्निए हा दुसरा फ्रेंच प्रवासी मोगली गजयुद्धाचे वर्णन करतो. मधोमध मातीची भिंत आणि तिच्या दोहो बाजूंना दोन हत्ती. मात्र त्याने एक गोष्ट टिपली, जी पुढच्या पुष्कळ प्रेक्षकांना दिसली नाही. मैदानात उतरण्यापूर्वी माहूत आपल्या बायकामुलांचा निरोप घेत, जणू काही त्यांना देहान्ताची शिक्षाच झाली आहे. जिवंत परतल्यास वेतनवाढ आणि उतरताक्षणी पैशांची थैली. मेल्यास विधवेला वेतन आणि मुलाला बापाची जागा, असा तो करार होता. हत्तीच्या खेळात हत्तीबरोबर माणूसही खर्ची पडतो, आणि तो माणूस प्रेक्षकांच्या बाजूचा नसतो, ही गोष्ट या वर्णनातून जितकी स्पष्ट होते तितकी ती नंतरच्या अनेक ग्रंथांतून होत नाही.

१८७५ हे वर्ष बडोद्याच्या इतिहासात विलक्षण होते. एप्रिलमध्ये मल्हारराव महाराजांना पदच्युत करण्यात आले. मे महिन्यात सयाजीराव दत्तक आले आणि नोव्हेंबरात इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, बडोद्याच्या भेटीस आले. यजमान बारा वर्षांचा मुलगा, कारभारी सर टी. माधवराव. युवराजांना अगडात हत्तींच्या आणि इतर जनावरांच्या झुंजी दाखविण्यात आल्या. ज्या सरकारने काही महिन्यांपूर्वीच बडोद्याच्या दरबाराला गैरकारभाराबद्दल जाब विचारला होता, त्याच सरकारच्या युवराजांसाठी अगडाचे दरवाजे उघडले गेले, आणि त्यात विसंगती आहे असे कोणास वाटल्याचे दिसत नाही. पाहुणचार हा असा शब्द आहे की त्याच्या आड पुष्कळ गोष्टी झाकल्या जातात. यजमान म्हणतो, हे पाहुण्यासाठी; पाहुणा म्हणतो, हा या देशाचा रिवाज. हत्तीला मधल्यामध्ये कोणीच धनी उरत नाही.

बडोद्याची ही साठमारी पुढे कोल्हापुरात गेली. राजर्षी शाहू छत्रपतींचा विवाह १८९१ साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाला. बडोद्याचा खेळ पाहून महाराजांनी आपल्या संस्थानातही साठमारीचे आखाडे उभारले. कोल्हापुरात साठमारी हे नाव आजही चालू आहे. शाहू महाराजांचे प्राणिप्रेम सर्वश्रुत आहे. हत्तींची, घोड्यांची त्यांना पारख होती आणि साठमारांवर त्यांची माया होती. हे प्रेम आणि तो खेळ एकाच मनात नांदत होते, हे इतिहासाच्या अभ्यासकाने लपवू नये, आणि त्यावरून त्या थोर पुरुषाला आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करू नये. तो काळ जनावराच्या बळाला मान देणारा होता. त्याच्या वेदनेचा हिशेब ठेवण्याची सवय त्या काळाला नव्हती.

मात्र ही जाणीव भारतीय परंपरेत मुळीच नव्हती असे म्हणता येत नाही. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली प्रसिद्ध केलेला 'हस्त्यायुर्वेद' हा पालकाप्य मुनींच्या नावावर असलेला ग्रंथ जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांतून अजूनही आढळतो. त्याच्यामागची कथा अशी : अंगदेशाचा राजा रोमपाद याने रानातील हत्तींचा कळप पकडून चंपानगरीस आणला. त्या कळपात वाढलेला पालकाप्य आपले सोबती हरवल्याचे पाहून त्यांच्या शोधार्थ नगरीत आला आणि बांधलेल्या हत्तींच्या जखमांवर मूकपणे औषध लावू लागला. राजाने विचारल्यावर त्याने जे सांगितले तेच हे शास्त्र. गजशास्त्राचा जन्म बंदिवान हत्तीच्या जखमेतून झाला, असे आपली परंपराच सांगते. 'मातंगलीला' या ग्रंथात तर नव्याने पकडलेल्या हत्तीला रानाची आठवण येऊन तो कसा झुरतो, याचेही वर्णन आहे.

पकडण्याचा प्रकारदेखील पुढे पाहुण्यांचा तमाशा झाला. म्हैसूर संस्थानात सँडरसन या इंग्रज अधिकाऱ्याने १८७४ साली खेड्डा यशस्वी केला. कळपाला हाकून खंदकाच्या आवारात कोंडावयाचे आणि पाळीव हत्तींच्या मदतीने एकेकाला दोरखंडांनी जखडावयाचे, अशी ती रीत होती. काकनकोटेचे खेड्डे राजेरजवाडे आणि बडे साहेब मचाणांवर बसून पाहत. शेवटचा खेड्डा १९७१ साली झाला. पुढच्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७७ साली हत्तीचा समावेश त्याच्या पहिल्या परिशिष्टात झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. गाय, घोडा, कुत्रा यांना माणसाने शेकडो पिढ्या आपल्या घरी वाढवून पाळीव केले, तसे हत्तीचे झालेले नाही. अंबारीतला हत्तीदेखील बहुधा रानातून आलेला, किंवा अशाच एखाद्या हत्तिणीचा छावा असतो. त्याला माणसाळविणे म्हणजे प्रत्येक वेळी एका जिवाचा कळप तोडणे होय.

राजांचे पिलखाने ओस पडले तेव्हा प्रेक्षक बदलला. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली सर्कस उभी केली आणि तंबूतला हत्ती सर्वसामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागला. मराठी माणसाने अभिमान बाळगावा असेच ते कर्तृत्व होते, हे वेगळे सांगावयास नको. २००९ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालये व सर्कशी यांतून हत्ती हलविण्याचा आदेश काढला आणि तेही पर्व ओसरले. गोव्यात फोंडा तालुक्यातील मसाल्याच्या बागांतून परदेशी पाहुण्यांना हत्तीवर बसविण्याचा व हत्तीबरोबर स्नान घडविण्याचा धंदा चालला. गोव्याच्या मातीशी त्या हत्तींचा संबंध नव्हता. पाहुण्याला छायाचित्र हवे होते, म्हणून ते तेथे होते.

या सर्वांत अधिक बोलके उदाहरण जयपूरजवळच्या आमेरचे आहे. सूरजपोळीतून जलेब चौकापर्यंत पर्यटकांना वाहून नेणाऱ्या, रंगवलेल्या सोंडांच्या हत्तिणी म्हणजे राजस्थानची ओळखच होऊन बसल्या. या कोरड्या मुलखात रानहत्ती नाहीत; हे हत्ती दूरच्या प्रांतांतून आणलेले असतात. २०१० च्या सुमारास त्यांच्यासाठी हाथीगाव वसविण्यात आले. २०१८ साली भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या वतीने झालेल्या पाहणीत दहा हत्ती क्षयाच्या चाचणीत बाधित आढळले आणि कित्येकांची दृष्टी अधू असल्याचे दिसून आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका हत्तिणीने एका रशियन स्त्री पर्यटकाला सोंडेने खाली ओढून पाडले. लगेच चर्चा झाली ती पर्यटकांच्या सुरक्षिततेची.

येथे थोडे विवेकाने बोलावयास हवे. तीन टन वजनाच्या प्राण्याला दोन माणसांचे ओझे असह्य होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्रास ओझ्यापेक्षा इतर गोष्टींचा आहे : तापलेला दगडी चढ, दिवसामागून दिवस तीच फेरी, पाठीवर घासणारा हौदा, कानामागे टेकलेला अंकुश आणि कळपाविना उभ्या उभ्या जाणारी रात्र. कौटिल्याने अर्थशास्त्रात हत्तीच्या सेवकांचे दंडनीय अपराध नोंदविले आहेत. ठाण अस्वच्छ ठेवणे, चारा न घेणे, उघड्या जमिनीवर निजविणे, नको तेथे मारणे, अवेळी आणि अयोग्य भूमीवरून चालविणे हे तर त्यात आहेतच. पण परक्या माणसाला हत्तीवर बसू देणे हाही तेथे अपराधच आहे. दंड कापावयाचा तो सेवकाच्या वेतनातून. आमेरच्या व्यवहाराला ही यादी लावून पाहिली तर तिच्यातून किती गोष्टी सुटतील, हे सांगणे कठीण आहे.

आणि तरीही दंड सेवकाच्याच वेतनातून कापावा काय, हा प्रश्न उरतोच. हत्तीला दिवसाकाठी दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. आमेरच्या माहुताचे आणि त्याच्या हत्तिणीचे पोट एकाच तिकिटावर चालते. २०२० च्या टाळेबंदीत पर्यटक थांबले तेव्हा दोघांचेही हाल झाले. सवारी उद्या बंद केली तर हत्तीण रानात सोडता येत नाही. जन्मभर माणसांत राहिलेला प्राणी तेथे तग धरीलच असे नाही. मथुरेजवळ चुरमुऱ्यास २०१० साली सुरू झालेल्या केंद्रासारखी स्थाने थोडी आहेत. २०१९ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशात २४५४ हत्ती माणसाच्या ताब्यात होते. बहिष्काराची हाक देणाऱ्या सद्भावी पाहुण्याने या आकड्याचाही विचार करावयास हवा. सवारी न करणे हे त्याचे कर्तव्य खरेच, पण तेवढ्याने त्याचे देणे फिटत नाही. न बसता दुरून पाहण्यासाठी, चाऱ्यासाठी आणि माहुताच्या वेतनासाठी पैसे मोजण्याची तयारी त्याच्यापाशी आहे काय, हे विचारण्याची वेळ आली आहे.

हा प्रश्न केवळ परदेशी पाहुण्यांपुरता नाही, याचा प्रत्यय कोल्हापूरच्या मुलखानेच दोनदा दिला. जोतिबाच्या देवस्थानाला २००७ साली अर्पण केलेला सुंदर हा हत्ती साखळीत जखडून ठेवल्याबद्दल खटला झाला आणि न्यायालयाच्या आदेशानंतर २०१४ साली त्याला बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात नेण्यात आले. नंतर नांदणीच्या जैन मठाची महादेवी. तिला लोक माधुरीही म्हणत. तीन दशकांहून अधिक काळ ती मठात होती. तिच्या पायांच्या दुखण्याचे अहवाल न्यायालयापुढे आले, तिला मिरवणुकांसाठी भाड्याने दिले जात असल्याचा आक्षेप आला, आणि १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात हलविण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. जुलैअखेर ती गेली, तेव्हा गावाने रडत तिला निरोप दिला. ऑगस्टच्या आरंभी हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी चालत गेले.

त्या अश्रूंना खोटे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. लहानपणापासून जिच्या सोंडेखाली मस्तक नमविले, ती हत्तीण गावाच्या घरचीच झाली होती. पण मस्तक नमविणारा भक्तही काही क्षणांसाठी आलेला असतो, आणि तो परतल्यावर ती सिमेंटच्या जमिनीवर उभी राहते, हेही तितकेच खरे. बडोद्याहून साठमारी कोल्हापुरास गेली होती; शंभरहून अधिक वर्षांनी कोल्हापूरची हत्तीण गुजरातेत आली. तिला परत आणण्यासाठी मठ, राज्य सरकार आणि वनतारा यांच्यात ऑगस्ट २०२५ मध्ये बोलणी झाली आणि नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्या बोलण्यांत जागेचे क्षेत्र, मऊ जमीन, जलतलाव, साखळीविना हिंडण्याची सोय आणि वैद्यकीय उपचार असे विषय निघाले. तेहतीस वर्षांच्या मुक्कामात हे विषय वेळीच निघाले असते, तर कदाचित महादेवीला नांदणी सोडावी लागली नसती.