जॉनीची किंमत कोण मोजतं?

मँचेस्टरची एक अंधारी गल्ली. जॉनी एका बाईवर जबरदस्ती करतोय. ती सुटते, घरच्यांना सांगते म्हणून धमकावते. तो पळतो, एक गाडी चोरतो आणि रातोरात लंडन गाठतो. माइक ली यांचा ‘नेकेड’ (१९९३) असा सुरू होतो. नायकाबद्दल सहानुभूती वाटावी अशी सोयच ठेवलेली नाही.

तरीही आपण त्याच्या मागे जातो, कारण तो बोलतो भन्नाट. बारकोड, बायबलमधली भाकितं, जगाचा अंत, कशावरही. आणि हे बोलणं ज्या काळातून आलंय, तो काळ खरा आहे.

१९७९ ते १९९० मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या. १९८०च्या कायद्याने सरकारी भाड्याची घरं भाडेकरूंना सवलतीत विकत घेता येऊ लागली. दशकभरात दहा लाखांहून जास्त घरं विकली गेली; तेवढी नवी बांधली गेली नाहीत. १९८८मध्ये १६-१७ वर्षांच्या बहुतेक मुलांचा सरकारी भत्ता बंद झाला. वॉटर्लू स्टेशनजवळच्या भुयारी वाटांमध्ये खोक्यांत झोपणाऱ्यांची वस्ती उभी राहिली. लोक तिला ‘कार्डबोर्ड सिटी’ म्हणत. १९९३च्या सुरुवातीला बेकारांची संख्या तीस लाखांच्या घरात होती.

सिनेमात हे आकडे येत नाहीत. येतो ब्रायन नावाचा वॉचमन. एका मोठ्या, रिकाम्या ऑफिस इमारतीची तो रात्रभर राखण करतो. बाहेर माणसं रस्त्यावर झोपतात आणि आत रिकाम्या जागेवर पहारा! जॉनी याचीच टिंगल करतो. त्या दशकाचा इतिहास इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी सांगितला असेल.

पण ‘बिचारा, परिस्थितीने असा झाला’ एवढ्यावर आपली सुटका होत नाही. सिनेमात जेरेमी नावाचा श्रीमंत घरमालकही आहे. तोही बायकांवर अत्याचार करतो, आणि त्याला ना भूक माहीत आहे ना बेकारी. म्हणजे गरिबीने जॉनीला बेघर केलं असेल, पण क्रूर व्हायला गरिबी लागतेच असं नाही. आणि दोघांची किंमत मोजतात त्या सोफी, लुईझसारख्या बायकाच.

कान महोत्सवात ली यांना दिग्दर्शनाचा आणि डेव्हिड थ्यूलिसला अभिनयाचा पुरस्कार मिळाला. त्याच वेळी सिनेमा स्त्रीद्वेष्टा असल्याची टीकाही झाली. ती गंभीरपणे घ्यायला हवी, कारण जॉनीचे संवाद तेवढे लक्षात ठेवून सोफीचा चेहरा विसरणं फार सोपं आहे. आज त्याची एखादी छोटी क्लिप फॉरवर्ड करताना आपण नेमकं तेच करतो.

शेवटी लुईझ नोकरी सोडून त्याच्याबरोबर मँचेस्टरला परतायला तयार होते. ती राजीनामा द्यायला जाते, आणि जॉनी घरातले पैसे उचलून, लंगडत, रस्त्याने निघून जातो. त्याला मारहाण झालीय, थारा नाही, हे सगळं खरं. पण या वेळी त्याला कुणी हाकललेलं नाही.