पाहुण्यांचा रविवार

शनिवारी रात्री मुंबईचे आप्त पुण्यात उतरतात. रविवारी सकाळी पर्वती किंवा सिंहगड, दुपारी मोठी पंगत, मग वामकुक्षी आणि सायंकाळी सारसबाग. हा क्रम पुणेकरांच्या इतका अंगवळणी पडला आहे की तो पेशवाईपासून चालत आला असावा, असे वाटते. प्रत्यक्षात तो बराच अलीकडचा आहे आणि त्यातली एकेक गोष्ट कुणाला ना कुणाला मिळवावी लागली आहे.

पूर्वी विसावा नव्हता असे नाही. तो वाराला नव्हे, तिथीला बांधलेला होता. पाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी, अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. आप्तांची गाठ पडे ती लग्नमुंजीत, श्राद्धपक्षात, दिवाळीच्या माहेरपणात. भेटीला निमित्त लागे आणि निमित्त पंचांग पुरवी. काही कारण नसताना, नुसते भेटावे म्हणून जाणे ही कल्पनाच नवी.

इंग्रजी अमदानीत सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुटी मिळाली. मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र नाही. ती मागणी लावून धरली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे आणि ते स्वतः जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. पुण्यात सुरू झालेले 'दीनबंधु' पत्र पुढे ते मुंबईहून चालवीत. १८८४ साली सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी सादर केले. साप्ताहिक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अशा साध्या मागण्या! रविवार हा खंडोबाचा वार, हा युक्तिवादही त्यांच्या नावे सांगितला जातो. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तिच्यात दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखान्यांच्या कायद्यातही तिला स्थान मिळाले.

(रविवारच्या पंगतीमागे राबणाऱ्या गृहिणीला ही सुटी कोणी मान्य केली नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवू.)

सुटी मिळाली, पण एका दिवसात जाणार कुठे? बहुतेक गिरणी कामगारांचे कुटुंब सातारा-कोकणातल्या गावी असे. तिथे पोहोचण्यातच रविवार सरला असता. मुंबई-पुण्याचे भाग्य निराळे. पुण्याला आगगाडी १८५८ साली आली, तरी मधला बोरघाट पालखीने, तट्टावरून नाही तर पायी ओलांडावा लागे. १८६३ साली घाटातला लोहमार्ग खुला झाला आणि दोन शहरे सलग जोडली गेली.

पुढे १ जून १९३० रोजी 'दख्खनची राणी' धावू लागली. विजेच्या इंजिनाची ही दिमाखदार गाडी आरंभी होती ती मुख्यतः आठवड्याच्या अखेरीस पुण्याला हवापालटासाठी, घोड्यांच्या शर्यतींसाठी येणाऱ्या धनिकांची. तिला डबे दोनच वर्गांचे, पहिला आणि दुसरा. तिसऱ्या वर्गाचे तिकीट परवडणाऱ्या कारकुनाने संथ गाडीने यावे, असाच त्याचा अर्थ. १९४९ साली पहिला वर्ग रद्द झाला तेव्हा दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. कारकून होता तिथेच राहिला. जून १९५५ मध्ये या गाडीला तिसऱ्या वर्गाचे डबे लागले.

माझ्या मते, मध्यमवर्गीय घरातला 'पाहुण्यांचा रविवार' खऱ्या अर्थाने फुलला तो इथून. शनिवारी कचेरी अर्धा दिवस. सायंकाळची गाडी पकडली की रात्रीचे जेवण पुण्यात, आणि सोमवारी सकाळच्या गाडीने थेट मुंबईची कचेरी. मधला अख्खा रविवार भावंडांचा.

या पाहुण्यांच्या पोरांना न्यायचे कुठे, हा यजमानांचा प्रश्नही त्याच सुमारास सुटला. १९५३ साली पेशवे पार्क उघडले होते. १९५६ साली तिथे 'फुलराणी' नावाची छोटी आगगाडी धावू लागली. तिला वर्ग एकच होता.