भयानकाचा आभास

चित्रपटाच्या इतिहासात भयपट आणि हास्यास्पद ठरलेले चित्रपट ह्यांची प्रकरणे सहसा वेगवेगळी लिहिली जातात. पहिल्यात कलेचे यश सांगितले जाते, दुसऱ्यात तिची फजिती. प्रेक्षकांचा अनुभव मात्र अशी वाटणी मानीत नाही. जो रसिक जुना, कसदार भयपट श्वास रोखून पाहतो, तोच पुष्कळदा एखाद्या फसलेल्या भयपटापुढे बसून मनसोक्त हसतो, आणि दोन्ही वेळा तृप्त होऊन उठतो. ह्या दुहेरी आवडीला अभिरुचीचा ऱ्हास म्हणणे सोपे आहे. परंतु तिच्या मुळाशी रसव्यवस्थेतीलच एक नाते आहे, आणि त्याकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानकाचे विभाव सांगितले आहेत. विकृत आवाज, भूतपिशाचांचे दर्शन, संग्राम, अरण्य, शून्यगृह ही त्यांतील प्रमुख होत. हास्याच्या विभावांत तो विकृत वेष, विकृत आचार आणि विकृत अंगविकार यांची गणना करतो. दोन्ही ठिकाणी ‘विकृत’ हा एकच शब्द यावा, हे लक्षणीय आहे. नेहमीच्या रूपापासून ढळलेली वस्तू आपल्याला घाबरवू शकते, तशीच हसवूही शकते. दोहोंची सामग्री एकच. कोणता रस निष्पन्न होईल, हे योजनेवर अवलंबून.

केवळ सामग्रीने रस उत्पन्न होत नाही, ह्याचे उदाहरण दिल्लीतच आहे. उत्तरेकडील टेकडीवर विल्यम फ्रेझर ह्या इंग्रज अधिकाऱ्याची कोठी होती. १८३५ च्या मार्चमध्ये घरी परतत असता गोळी घालून त्याचा खून झाला. पुढे ही कोठी ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे ह्यांचे बंधू जयसिंगराव घाटगे ऊर्फ हिंदूराव ह्यांनी घेतली आणि परिसराला त्यांचे नाव मिळाले. १८५७ च्या उन्हाळ्यात ह्याच वास्तूभोवती घनघोर लढाई झाली. शून्यगृह, अरण्य आणि संग्राम ही भरताची तिन्ही अंगे येथे जमली आहेत. तरीही आज ‘हिंदूराव’ म्हटले की दिल्लीकराला महापालिकेचे रुग्णालय आठवते. वास्तूला भय चिकटलेले नसते. ते कलावंताने तेथे आणावे लागते.

आणता आणता ते कसे निसटते, ह्याचा दाखला पाश्चात्त्य चित्रपटात एकाच नटाच्या आयुष्यात मिळतो. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’त बेला लुगोसी ह्यांनी काळा झगा, संथ उच्चार आणि रोखलेली नजर एवढ्या सामग्रीवर प्रेक्षकांना हादरविले. १९५६ साली ते निवर्तले. त्यांच्यावर आधी चित्रित केलेले थोडे तुकडे एड वूड ह्यांनी ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’मध्ये वापरले आणि उरलेली भूमिका दुसऱ्याच माणसाकडून, झग्याने चेहरा झाकून, उरकून घेतली. झगा तोच, पण त्यामागचे भय गेले आणि हसू उरले. १९८० साली मेडव्हेड बंधूंच्या पुस्तकाने ह्या चित्रपटाला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरविले, आणि त्यानंतर त्याचा प्रेक्षकवर्ग वाढतच गेला.

आपल्याकडे हेच नाट्य रामसे कुटुंबाच्या चित्रपटांत पाहावयास मिळते. १९७० च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ ह्या पडलेल्या चित्रपटात मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूरांचा एकच प्रसंग प्रेक्षकांना रुचला. तेवढ्यावरून ह्या भावांनी १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ काढला आणि महाबळेश्वरात मुक्काम ठोकून थोडक्या खर्चात तो पुरा केला. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’साठी त्यांनी मुरूडचा नवाबी राजवाडा गाठला. शून्यगृहाचा शोध त्यांनी असा अक्षरशः घेतला! त्याच चित्रपटात एकीकडे सामरी हा राक्षस आणि दुसरीकडे ‘शोले’चे विडंबन करणारा जगदीप आहे. विदूषकाची ही योजना जुन्या नाटकाला धरूनच होती. पण आजचा प्रेक्षक जगदीपपेक्षा सामरीलाच अधिक हसतो. तांबडा-हिरवा प्रकाश, धूर आणि गडगडाट ह्यांचा एवढा मारा होतो, की विकृती अंगावर येण्याऐवजी डोळ्यांत भरते.

ह्या हास्याची उपपत्ती आपल्या परंपरेत आधीच आहे. भरताने शृंगाराच्या अनुकृतीतून हास्य निघते असे म्हटले. अभिनवगुप्ताने हा विचार विस्तारून सांगितले, की कोणत्याही रसाचा आभास अनौचित्यामुळे हास्याचा विभाव होतो. फसलेला भयपट म्हणजे भयानकाचा आभास, आणि त्याचे हास्य हा रसिकाचा उर्मटपणा नव्हे, तर रसनियमच होय. सुसान सोंटॅग ह्यांनी १९६४ साली ‘कॅम्प’वरील निबंधात फसलेल्या गांभीर्याची गोडी वर्णिली, तेव्हा त्या ह्याच प्रदेशात वावरत होत्या. जो प्रयत्न निरागसपणे, मनापासून केलेला असतो, तोच फसल्यावर रमणीय होतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. मुद्दाम वाईट केलेला चित्रपट म्हणूनच कंटाळवाणा होतो. त्यात आभास व्हावयास मूळ रसच नसतो.

मराठीत ह्या दोन टोकांमध्ये एक तिसरी वाट निघाली. १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मध्ये वसंत जोगळेकरांनी भीतीचे गांभीर्य जपले होते. १९९३ साली महेश कोठारे ह्यांनी ‘झपाटलेला’ केला. गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्‌स प्ले’ ह्या अमेरिकन चित्रपटातली. परंतु रामदास पाध्ये ह्यांच्या बोलक्या बाहुल्यांच्या परंपरेत वाढलेल्या प्रेक्षकाला बाहुला म्हणजे विनोद हे ठाऊकच होते. तात्या विंचू एका क्षणी हसवतो, दुसऱ्या क्षणी दचकवतो. येथे हास्य अपघाताने आलेले नाही. विकृतीची दोन्ही फळे दिग्दर्शकाने जाणूनबुजून काढली आहेत.

मग भयानक शुद्ध स्वरूपात कधी टिकतो? ह्याचे उत्तर नारायण धारपांच्या (१९२५–२००८) कथेतून प्रेरणा घेतलेल्या, राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ने २०१८ साली दिले. चित्रपट हिंदी असला तरी त्याचा वाडा, त्याचा पाऊस आणि त्याची माणसे मराठी आहेत. त्यातही बाहुली आहे, कणकेची. उपाशी हस्तरला भुलविण्यासाठी ती विहिरीसारख्या गर्भात नेली जाते. कणकेची बाहुली! ऐकताना हसू यावे अशीच ही वस्तू. तरी प्रेक्षक हसत नाही, कारण तिला हस्तरची भूक आणि माणसाचा लोभ हे दोन घट्ट आधार आहेत. औचित्य म्हणतात ते हेच: विकृतीला कारण असणे आणि ते कारण आपल्यातही सापडणे. २०२४ साली हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक लोक त्याकडे वळले.

धारपांच्या लेखनाला मराठी समीक्षेने दीर्घकाळ वाचनालयातील करमणूक मानले, आणि रामसे-पटांची तर दखलही घेतली नाही. भयानक हा भरताच्या आठ रसांपैकी एक असूनही आपण त्याला दाराबाहेरच उभा केला. परिणामी भीती केव्हा साधते आणि केव्हा फसते, हे सांगणारी परिभाषा आपल्याकडे घडलीच नाही. प्रेक्षकाने हसून जो न्याय केला, तोच शेवटचा ठरला. तो न्याय बहुतेक वेळा अचूक आहे. त्याची कारणे मांडून दाखविणे हे समीक्षेचे काम आहे, आणि त्यासाठी ‘पुराना मंदिर’ आणि ‘तुंबाड’ शेजारी शेजारी ठेवून अभ्यासण्यात कोणताही कमीपणा नाही.