विधी व्यवसाय-प्रवेश (बुलढाणा जिल्हा)

बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना वकील वा न्यायाधीश होण्यासाठी खुले असलेले शिक्षण व परीक्षांचे मार्ग. अधिवक्ता अधिनियम, १९६१ ने प्लीडर, मुखत्यार हे जुने भेद मोडून वकिलांचा एकच वर्ग केला (⟶ वकील). एलएल.बी. बारावीनंतर पाच, पदवीनंतर तीन वर्षांची. प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेने, नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात पदवीपूर्व प्रवेश मात्र ‘क्लॅट’ (कॉमन लॉ ॲडमिशन टेस्ट) या परीक्षेने. जिल्हा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. वकिलीची सनद महाराष्ट्र व गोवा वकील परिषद देते. वकिली करण्यासाठी अखिल भारतीय वकील परीक्षाही उत्तीर्ण व्हावे लागते. दिवाणी न्यायाधीशपदाची परीक्षा राज्य लोकसेवा आयोग घेतो; २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा अनिवार्य केली. त्यामुळे तालुका न्यायालयांतील उमेदवारीचे महत्त्व वाढले. जिल्ह्यातील प्रकरणे उच्च न्यायालयात नागपूर खंडपीठापुढे चालतात (⟶ मुंबई उच्च न्यायालय).