शूर सैनिकांची पदकं: घेण्याआधी आणि विकण्याआधी काय पाहायचं?

पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना मिळालेलं 'ब्रिटिश वॉर मेडल' बहुतांशी चांदीचं होतं. त्यामुळे पुढे यातली कित्येक पदकं मोडीत गेली आणि वितळवली गेली. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश काळातलं सर्वोच्च शौर्यपदक मात्र साध्या कांस्याचं. धातू म्हणून त्याला फारशी किंमत नाही, पण लिलावात त्याचे कोट्यवधी रुपये येतात.

याचं कारण म्हणजे पदकाशी जोडलेलं नाव. ते पदक कोणाला, कशासाठी मिळालं हे सिद्ध करता आलं, तरच संग्राहक मोठी रक्कम मोजतात.

नाव कुठे सापडतं?

ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि तुकडी कोरलेली असते. खोटेपणाही इथेच होतो. मूळ नाव घासून दुसऱ्या, जास्त प्रसिद्ध सैनिकाचं नाव कोरलं जातं. अशा पदकाची कड पातळ किंवा उंचसखल लागते.

म्हणून पदकासोबत डिस्चार्जची कागदपत्रं, मानपत्र, पत्रं आणि फोटो असणं महत्त्वाचं. एकाच सैनिकाची सगळी पदकं एकत्र असतील तर त्या संचाला जास्त मान असतो. एकेक करून ती विकली, तर त्याच्या सेवेचा इतिहासही विखुरतो.

महाराष्ट्राचा संबंध

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोन जवानांना दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने मुकाबला केला. ठाणं जिंकल्यावर शत्रूच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आलं. तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधल्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी हा सन्मान मिळाला.

परळीसह सगळा मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या घरातलं जुनं पदक संस्थानी फौजेतल्या सेवेचंही असू शकतं. १९६५ च्या युद्धात मरणोत्तर परमवीर चक्र मिळवणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांची लष्करी सेवाही हैदराबाद संस्थानाच्या फौजेतच सुरू झाली होती.

पदक चोरीला गेलं तर?

नाईक किरपा राम यांनी १९४५ मध्ये बंगळुरूजवळच्या सरावात सोबत्यांना वाचवण्यासाठी ग्रेनेडचा स्फोट स्वतःच्या अंगावर घेतला. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. हिमाचल प्रदेशात राहणाऱ्या त्यांच्या पत्नीच्या घरातून हे पदक चोरीला गेलं. २००९ मध्ये ते थेट लंडनच्या लिलावात विक्रीला आलं. भारताने हरकत घेतल्यावर विक्री थांबली आणि बऱ्याच वर्षांनी पदक कुटुंबाकडे परतलं.

पदक कोणाचं आहे याची नोंद होती, म्हणूनच हे शक्य झालं. विकत घेणाऱ्यासाठीही यात धडा आहे. विकणाऱ्याकडे ते कसं आलं, हे कागदावर मागून घ्यावं. उत्तर मिळालं नाही तर व्यवहार करू नये.

कायदा काय म्हणतो?

• ऐतिहासिक महत्त्वाची, किमान १०० वर्षं जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. पहिल्या महायुद्धातल्या वस्तूंनी आता हे वय ओलांडलं आहे. पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो.
• जुनी बंदूक सापडली तर शस्त्र कायदा लागू होऊ शकतो. ती घेण्याआधी किंवा विकण्याआधी पोलिसांना विचारावं.
• गोळे, ग्रेनेड किंवा काडतुसं सापडली तर हात लावू नये. कितीही जुनी असली तरी ती फुटू शकतात. पोलिसांना कळवावं.
• सैनिक असल्याचं भासवण्यासाठी गणवेश किंवा सैनिकी चिन्ह वापरणं गुन्हा आहे. संग्रहात ठेवणं वेगळं, छातीवर लावून मिरवणं वेगळं.

घरात पदक असेल तर

चिंच, लिंबू किंवा पितळेच्या पावडरीने ते घासू नका. वारंवार घासल्याने कडेवरची अक्षरं झिजतात आणि नाव गेलं की ओळख जाते. रिबीन जुनी असली तरी फेकू नका. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, कागदपत्रं स्कॅन करा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवतं ते तारखेसह लिहून ठेवा.

सैनिक महायुद्धात मरण पावला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर त्याचं नाव मोफत शोधता येतं. स्वातंत्र्यानंतरच्या शौर्य पुरस्कारांसाठी संरक्षण मंत्रालयाची वेगळी वेबसाइट आहे. माजी सैनिकांच्या कुटुंबांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करता येते.

पदक सांभाळणं जमत नसेल, तर विकण्याआधी संबंधित रेजिमेंटला विचारून पाहा. अनेक रेजिमेंटची स्वतःची संग्रहालयं आहेत. पदक द्यायचं ठरलं तर लेखी पावती घ्या आणि सैनिकाची माहिती व कागदपत्रांच्या प्रती सोबत द्या.