मॅटॅडोरचे सुटे भाग

'टेम्पो' हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरला आहे की तो परका असेल असे मनातही येत नाही. घर बदलायचे असो की बाजारात माल न्यायचा असो, आपण टेम्पो सांगतो. मुळात हे जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या विडाल घराण्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या गाड्यांचे नाव. १९५८ साली नवलमल फिरोदियांनी या कारखान्याशी करार करून बजाज टेम्पो कंपनी सुरू केली. आधी तीनचाकी हॅन्सीट आली आणि साठच्या दशकाच्या अखेरीस मॅटॅडोर व्हॅन.

या मॅटॅडोरच्या जन्मातच सुट्या भागांचे दुखणे होते. १९४९ साली जर्मनीत ती बाजारात आली तेव्हा तिचे इंजिन फोक्सवॅगनचे होते. १९५० पासून फोक्सवॅगनने स्वतःची व्हॅन काढली आणि थोड्याच वर्षांत विडालला इंजिने देणे बंद केले. कारखान्याला दुसऱ्यांच्या इंजिनांचा शोध घ्यावा लागला. पुढे कारखान्याची मालकीही बदलत गेली आणि १९७७ साली जर्मनीत या व्हॅनचे उत्पादन थांबले. आपल्याकडे मात्र ती त्यानंतरही वीसेक वर्षे तयार होत राहिली.

मॅटॅडोरची पुढची चाके इंजिनाने फिरत. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा नसल्यामुळे तळ खाली ठेवता येई. म्हणून रुग्णवाहिकेला, शाळेच्या मुलांना, वडापला ती सोयीची पडे. पण पुढच्या चाकाजवळच्या सांध्यावरचे रबर फाटले की ग्रीस बाहेर, धूळ आत, आणि वळताना कटकट सुरू. डिझेलच्या नळीत हवा शिरली तर गाडी घाटात उभी राही. मग मिस्त्री फिल्टरचा स्क्रू सैल करी, हातपंप दाबत राही, बुडबुडे थांबून स्वच्छ डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळी. एवढे काम एका पान्यावर होई. उरलेले काम कानावर असे.

उत्पादन थांबल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. ऐंशीच्या दशकात या गाडीला मर्सिडीजच्या परवान्याचे डिझेल इंजिन मिळाले होते. त्याच जातीचे इंजिन ट्रॅक्समध्येही बसले, त्यामुळे रिंग, गॅस्केट, बेअरिंग सहज मिळत. अडे ते काच, दाराची मूठ, रबर आणि तो पुढचा सांधा. म्हणजे गाडी मरते ती इंजिनामुळे नव्हे, किरकोळ वाटणाऱ्या वस्तूंमुळे. अशा वस्तूंसाठी लोक मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा चोरबाजारात, पुण्यात नाना पेठेत फिरत. नाहीच मिळाले तर झिजलेल्या दांड्यावर वेल्डिंगचा थर चढवून तो लेथवर पुन्हा मापाला आणत. कोणत्या गाडीचा कोणता भाग कशाला बसतो, हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नव्हते. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई.

हे हात बऱ्याच प्रमाणात आपल्या मोहल्ल्यांतले होते. २००६ साली सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालातही मुस्लिम कामगारांचा वाहनदुरुस्तीतला सहभाग लक्षणीय असल्याची नोंद आहे. पण अशी नोंद डोकी मोजते, हुन्नर मोजत नाही.

२०२१ साली केंद्र सरकारने दोन गोष्टी केल्या. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले आणि 'व्हिंटेज' वाहनांसाठी नियम आणले. व्हिंटेज कोण? पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी वापराची, मूळ रूपात राखलेली, मोठा फेरबदल न झालेली गाडी. म्हणजे बंगल्याच्या पोर्चमध्ये झाकून ठेवलेली मोटार वारसा ठरते. आयुष्यभर भाडे मारलेली, तीनदा इंजिन उतरवलेली, दुसऱ्याच गाडीचे दिवे लावलेली मॅटॅडोर त्या व्याख्येत बसत नाही. तिच्या वाट्याला भंगारच.

मला वाटते, या गाडीचा इतिहास तिच्या बदललेल्या भागांतच आहे. मूळ रूप कारखान्याने दिले, पण पुढची वर्षे दिली ती रस्त्याकडेच्या गॅरेजने. कारखान्याचा इतिहास लिहिणारे मिळतात. गॅरेजचा इतिहास आपणच लिहायचा आहे. आपल्या मोहल्ल्यात एखादे वृद्ध उस्ताद असतील तर वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. कोणता भाग कशाला बसवला आणि का, एवढेच विचारा. त्यांच्याबरोबर हे इल्म गेले, तर ते कोणत्याही बाजारात मिळणार नाही.