ऑलिंपिक संग्रहालय, लोझान

स्वित्झर्लंडमधील लोझान शहराच्या उशी भागात, जिनीव्हा सरोवराच्या काठी असलेले क्रीडा-इतिहासाचे संग्रहालय. पहिले महायुद्ध सुरू असताना, १९१५ साली, आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक प्येअर द कुबेर्तँ यांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे मुख्यालय तटस्थ स्वित्झर्लंडमधील या शहरात आणले. सध्याचे संग्रहालय समितीचे तत्कालीन अध्यक्ष हुआन आंतोनिओ सामारांच यांच्या पुढाकाराने उभे राहिले व २३ जून १९९३ रोजी खुले झाले. १९९५ मध्ये त्याला युरोपातील वर्षाच्या सर्वोत्तम संग्रहालयाचा सन्मान मिळाला. नूतनीकरणानंतर डिसेंबर २०१३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.

सरोवराच्या काठापासून वर चढत जाणाऱ्या उद्यानात ऑलिंपिक ज्योत तेवत असते. वाटेत शिल्पे आहेत. नळीला गाठ मारलेले रॉयटर्सव्हेर्ड यांचे पिस्तूल त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. प्रवेशाजवळ उंच उडीची दांडी २.४५ मीटरवर लावलेली आहे. क्यूबाच्या हाविएर सोतोमायोर यांनी १९९३ मध्ये केलेला हा जागतिक विक्रम. दांडीखाली उभे राहून मान वर केली, की कागदावरचा आकडा म्हणजे प्रत्यक्षात केवढी उंची, हे क्षणात कळते.

कायम प्रदर्शन तीन मजल्यांवर आहे. प्राचीन ऑलिंपिया व आधुनिक पुनरुज्जीवन, स्पर्धा आणि खेळाडू, तयारी व क्रीडावृत्ती अशी त्याची क्रमवार मांडणी आहे. पदकांची दालने सावकाश पाहावीत. १८९६ मध्ये अथेन्सला विजेत्याला रौप्यपदक मिळत असे. पहिल्या क्रमांकाला सुवर्णपदक देण्याची प्रथा १९०४ पासूनची. मशालींचा संग्रह १९३६ च्या बर्लिन स्पर्धेपासून सुरू होतो. त्यातील १९५२ च्या हेलसिंकी स्पर्धेची मशाल मराठी माणसाला जवळची वाटावी. बर्चच्या लाकडाची मूठ असलेल्या अशा मशाली केवळ २२ घडवल्या गेल्या. त्याच स्पर्धेत सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

भारताच्या अलीकडच्या यशाच्या खुणाही येथे आहेत. २००८ च्या बीजिंग स्पर्धेत अभिनव बिंद्रा यांनी ज्या रायफलने सुवर्ण जिंकले ती येथे जतन केलेली आहे. टोकियोत ८७.५८ मीटर फेक करून सुवर्ण मिळवणाऱ्या नीरज चोप्रा यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये आपला भाला संग्रहालयास भेट दिला.

लोझान रेल्वे स्थानकावरून मेट्रोने 'उशी-ऑलिंपिक' या शेवटच्या स्थानकावर उतरून सरोवराच्या काठाने चालत येथे पोहोचता येते. बघायला किमान तीन तास हाताशी ठेवावेत आणि प्रवेश शक्यतो सरोवराच्या बाजूने, उद्यानातून पायी चढूनच करावा.